गच्चीचं माप

कोल्हापूर सोडलं त्या सकाळी दादानं माझ्या दोन्ही बॅगा टेपनं मोजल्या. लांबी, रुंदी, उंची आणि तिन्हींची बेरीज. विमान कंपनीनं दिलेल्या मापाच्या आत दोन बोटं जागा उरत होती, तरी त्यानं पुन्हा मोजलं. मंगळवार पेठेतल्या आमच्या दारात मुंबईला जाणारी गाडी उभी होती. माझा नवरा महेश तीन महिने आधीच अमेरिकेला गेला होता, म्हणून विमानतळापर्यंत सोडायला बाबा येणार होते. बाबांनी ड्रायव्हरचं लायसन्स मागून घेतलं आणि त्यावरचा फोटो समोरच्या तोंडाशी ताडून बघितला.

"पावणं, फोटोत मिशी हाय," बाबा म्हणाले.

"काढली की," ड्रायव्हर म्हणाला.

बाबांचं समाधान झालं नाही. ते पुढच्या सीटवर बसले आणि मुंबईपर्यंत त्याच्याकडे तिरक्या नजरेनं बघत राहिले. आईनं निघताना एवढंच सांगितलं होतं, "कुणी काय बी खायला दिलं तर आधी वास घे. मग तोंडात घाल."

आमचं घर असंच. बाबांचा शिरोली एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात पॅटर्नचा कारखाना होता. फाउंड्रीत लोखंड ओतायच्या आधी वाळूत साचा उठवायला लाकडाचा हुबेहूब नमुना लागतो, तो म्हणजे पॅटर्न. त्यात सुताएवढी चूक झाली तरी सगळा माल भंगारात जातो. त्यामुळे कुणाच्या तोंडी मापावर विश्वास ठेवायचा नाही, हे बाबांच्या आणि पुढे दादाच्या अंगात भिनलेलं. मी लांब गेले म्हणून यातून सुटले असं मला बरीच वर्षं वाटायचं.

आम्ही कॅन्सस सिटीत आलो. तिथं मे महिना लागला की घराघरांच्या मागच्या अंगणातून धूर निघतो. पहिल्या वर्षी मी घाबरून महेशला ऑफिसात फोन केला, शेजारी आग लागली आहे म्हणून. शेजारचे वॉल्टर, रिटायर झालेले ट्रक ड्रायव्हर, मांस धुरावर शिजवत होते. संध्याकाळी ते झाकलेली प्लेट घेऊन दारात आले. मी वास घेतला. कशाचं मांस आहे ते तीन वेळा विचारलं. कोंबडीचं, असं ते तिन्ही वेळा हसून म्हणाले. दार लावून बघितलं, तर हाडाजवळ गुलाबी. मला वाटलं, कच्चं दिलं. मी ते कुकरमध्ये घालून चार शिट्ट्या काढल्या, वर घरचं तिखट टाकलं आणि दुसऱ्या दिवशी वॉल्टरना सांगितलं, फार छान होतं. धुराच्या मांसाचा रंग तसाच गुलाबी राहतो, कच्चेपणाशी त्याचा संबंध नसतो, हे मला दोन वर्षांनी कळलं.

माझ्यासारखे जे कुणी गाव सोडून गेले, त्यांना हे सांगायला नको. नवीन ठिकाणी पहिली दोन-तीन वर्षं आपण सगळ्याचा वास घेत फिरतो.

स्वतःचं घर झालं तेव्हा मीच हट्टानं विजेवरचं स्मोकर घ्यायला गेले. लहान कपाटासारखं यंत्र असतं. आत जाळ्या, खाली पाण्याचं ताट आणि लाकडाच्या कपच्यांचा ट्रे. वीज लावली की कपच्या नुसत्या धुमसतात, आणि त्या धुरात मांस पाच-सहा तास हळूहळू शिजतं. कोळशासारखं सारखं लक्ष द्यावं लागत नाही. दुकानातल्या माणसानं विचारलं, किती जणांसाठी? मी पटकन म्हणाले, वीस.

वीस कुठून आले? घरात महेश, मी आणि दीड वर्षाची पोर. पण माझ्या डोळ्यासमोर मंगळवार पेठेतला रविवार होता. काका, आत्या, त्यांची पोरं, कारखान्यातले दोघं-तिघं, आणि वाट्या घेऊन वाढणारी आई. त्या माणसानं सहा जाळ्यांचं, फ्रिजएवढं यंत्र गळ्यात मारलं. त्यात बोकडाचा एक फरा, म्हणजे अख्खा पाय, खालच्या जाळीवर ठेवला की वरच्या पाच जाळ्या रिकाम्या. गरम व्हायलाच तास जायचा. मोठं आहे तर भरून करू म्हणून जास्त केलं, तर तेच मांस चार दिवस डब्यात. शेवटी ते वॉल्टरच्या चर्चला देऊन टाकलं आणि तीन जाळ्यांचं घेतलं. तेव्हा अक्कल आली. रोज ताटावर बसतात त्या माणसांवर माप धरायचं. बाहेरची उंची बघून भुलायचं नाही. आतली जाळी किती रुंद, त्यावर फरा आडवा बसतो का, ते बघायचं.

तीन वर्षांपूर्वी बाबा गेले. मी धावत आले ती बाराव्या दिवशी पोचले. सगळं आटोपून परत निघायच्या आदल्या दिवशी दादा चहाचा कप हातात धरून म्हणाला, "वैजे, एक सही लागंल तुझी. हक्कसोडाची. घाई न्हाई, पण लागंल."

हक्कसोडपत्र म्हणजे बापाच्या घरावरचा आपला हिस्सा बहिणीनं भावासाठी सोडून दिल्याचा कागद. आमच्या ओळखीतल्या बहुतेक बायकांनी तो मुकाट करून दिलेला. मीही दिला असता, कदाचित. पण बाबांचा फोटो भिंतीवर लागून दोन दिवस झाले होते, आणि दादा माझ्याकडे न बघता कपाकडे बघून बोलत होता. तेवढ्यावरून माझ्या मनात जो किडा शिरला तो बाहेर निघेना. "बघू," म्हणून मी विमानात बसले.

नंतर फोन होत राहिले, पण आखडते. त्यानं कागदाचा विषय काढला नाही आणि मीही नाही. तो "बरी हाईस का?" म्हणाला की मला वाटायचं, आता काढणार. मी "घर कसं आहे?" म्हटलं की तो फोन आईकडं द्यायचा. रेखावहिनीचे रोजचे गुड मॉर्निंगचे मेसेज तेवढे नियमानं यायचे.

गेल्या दिवाळीनंतर मी ठरवलं की आता पुरे. डिसेंबरात एकटीनंच जायचं आणि आईच्या पंचाहत्तरीला घरी एक छोटं स्मोकर घ्यायचं. दादाला मटणाचा शौक. धुराची चव त्याला आवडेल, गच्चीवर सगळे बसू, आणि खाताना माणूस सैल बोलतो. इथलं यंत्र तिकडच्या विजेवर चालत नाही, म्हणून पुण्याचा एक विक्रेता शोधला. त्याच्याकडे तीन मापं होती. दोन जाळ्यांचं, चार जाळ्यांचं आणि सहाचं. एकदा ठेच खाल्लेली असल्यामुळे या वेळी नीट चौकशी करून घ्यायचं होतं. यंत्र उघड्यावर लागतं, पण वर पत्रा हवा. भिंतीपासून हातभर लांब ठेवावं लागतं. एक्स्टेन्शन वायर चालत नाही, म्हणून प्लग जवळ हवा आणि मीटरला भार झेपायला हवा.

ही भेटवस्तू गुपित ठेवायची, म्हणून कारण न सांगता दादाला मेसेज केला. गच्चीची लांबी-रुंदी सांग. पत्रा कुठं आहे? लाईटचं मीटर कुणाच्या नावावर आहे, आणि किती लोडचं? आणि आता घरात नक्की किती माणसं राहता?

तुम्ही वाचताय तेवढ्यात तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही.

दोन दिवस उत्तर नाही. मग एक ओळ आली, "गच्चीवर जागा न्हाई." तीस फूट लांब गच्चीवर जागा नाही? मी फोटो मागितला. वहिनीनं पाठवला, त्यात पाण्याची टाकी आणि तुळशीची कुंडी. मागची बाजू दाखव म्हटलं, तर पुन्हा तीच टाकी, दुसऱ्या कोनातून. त्यानंतर गुड मॉर्निंगही बंद झालं. मी तो फोटो मोठा करकरून बघितला. एका कोपऱ्यात निळ्या ताडपत्रीची कड दिसत होती आणि खाली सिमेंटचे शिंतोडे. हे लोक माझ्यापासून काहीतरी लपवतायत. महेश म्हणाला, सरळ विचार. मी म्हणाले, सरळ सांगणारी माणसं असती तर फोटो सरळ काढला असता.

आठवड्यानं सकाळी गाडीतून ऑफिसला जाताना आईचा फोन आला. शेजारच्या काकूंच्या मोबाईलवरून. तिकडं संध्याकाळ होती, मागं कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

"वैजे, खरं सांग मला. वकील लावलाईस काय गं तू?"

"वकील? कशाला?"

"मग गच्चीचं माप कशाला मागालाईस? मीटर कुणाच्या नावावर, माणसं किती, हे कशाला? तुझा दादा तो मोबाईल घेऊन कोर्टाजवळच्या वकिलाकडं जाऊन आला. वकील म्हटला, वाटणीच्या दाव्यात हेच तीन सवाल पयलं विचारत्यात."

मी रस्त्याकडेला गाडी थांबवली. हसू आलं आणि त्याच क्षणी संतापही. आईला सगळं सांगितलं. मटण धुरावर शिजवायचं यंत्र, त्याचं माप, प्लग. तिनं दादाला सांगितलं. दादाचं म्हणणं आईनं जसंच्या तसं मला कळवलं. "मटण शिजवायला मीटर कुणाच्या नावावर हाय ते कशाला लागतं? अमेरिकेत काय मटण नाव विचारून शिजतंय?"

चुकून त्याचं खरंच होतं. नाव मला लागणारच नव्हतं. लोड वाढवायचा झाला तर अर्ज कुणाला करावा लागेल, या विचारानं मी ते विचारलं होतं. निदान त्या दिवशी मी स्वतःला तसं सांगितलं. आज विचार करते तेव्हा वाटतं, बाबांचं नाव काढून तिथं कुणाचं घातलंय हे मला बघायचंच होतं. एका दगडात ते जमतंय तर जमवू, असं कुठंतरी आत असणार.

आई म्हणाली, "माणसं विचारलीस ना? तीन. मी, तुझा दादा संजू आणि रेखा. पोरगी पुण्याला शिकाय गेलीया. रविवारी कोण येत न्हाई आता. तुझं बाबा गेलं आणि येणं-जाणं आटलं."

तीन. मी दोन जाळ्यांचं यंत्र सांगितलं.

डिसेंबरात पोचले. दादा स्टँडवर घ्यायला आला, बॅग उचलली, प्रवास बरा झाला का विचारलं. वहिनीनं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. सगळं रीतीनं झालं, पण गच्चीकडं जाणाऱ्या जिन्याच्या दाराला कुलूप होतं. पूर्वी त्या दाराला कडीसुद्धा नव्हती.  रात्रीच्या जेवणाला आई एकटीच बोलत होती.

दुसऱ्या दिवशी ट्रान्सपोर्टवाल्याचा फोन आला, यंत्र शिरोलीच्या गोडाऊनला आलंय. दादा आणि मी त्याच्या व्हॅनमधून निघालो. पूल ओलांडला. बाबांच्या गाळ्याचा रस्ता आला, मी सवयीनं तिकडं मान वळवली, आणि दादानं गाडीचा वेग वाढवला.

गोडाऊनमध्ये हमालानं खोकं पुढ्यात आणून ठेवलं. दादानं खिशातून टेप काढला. आधी खोक्याचं माप घेतलं. मग पॅकिंग फाडून यंत्राचं. दार उघडून आतली जाळी मोजली, पाठीमागची वायर पसरून तीही मोजली, लोखंडी पट्टीवरचा वॅटचा आकडा वाचला. मग मोबाईल काढून माझा तो जुना मेसेज उघडला आणि उभ्या उभ्या एकेक ओळ वाचत यंत्राशी लावून बघितली. लांबी. पत्रा. लोड. माणसं.

"खरंच मटणाचं हाय की गं," तो म्हणाला.

"मग काय वाटलं तुला?"

तो टेप गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "चल. आधी गाळ्यावर जाऊ."

गाळ्याच्या शटरवर दुसऱ्याच कुणाची पाटी होती. प्लास्टिकच्या खुर्च्यांचा माल रचलेला. दादा गाडीतून उतरला नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून बोलला. आता पॅटर्न कॉम्प्युटरच्या मशीनवर कापतात, हातानं लाकूड कोरून घेणारे उरले नाहीत. दीड वर्षापूर्वी त्यानं कारखाना बंद केला. "बाबांनी तीस वर्षं चालवला, मी न्हाई टिकवला. तुला काय तोंडानं सांगू? तू फोनवर 'काम कसं हाय' विचारायचीस, मी म्हणायचो, हाय चाललंय."

मी म्हणाले, "आणि गच्ची?"

घरी येऊन त्यानं जिन्याचं कुलूप काढलं. मागच्या बाजूला चार भिंती उभ्या होत्या, स्लॅब नव्हता, वर ताडपत्री. रेखावहिनीच्या हाताला चव आहे. तिला तिथं स्वयंपाकघर करून मटणाचे डबे द्यायचे होते, ऑर्डरप्रमाणे. भिंती झाल्या आणि महापालिकेचा माणूस येऊन म्हणाला, परवानगी काढा, आणि परवानगीला सगळ्या वारसांची संमती आणा. आई, दादा आणि मी. ओळखीच्या कुणीतरी सल्ला दिला, बहिणीचा तो राहिलेला हक्कसोडच करून घ्या म्हणजे कायमची कटकट मिटेल. काम सात महिने तसंच पडून होतं.

संध्याकाळी वहिनीनं चहाबरोबर एक पाकीट आणून ठेवलं. हक्कसोडाचा कागद तयार होता. वहिनीनं त्यावरची घडी तीन-चारदा हातानं सपाट केली. मला तिची दया आली, तरी मी कागद तीनदा वाचला. आडव्या-उभ्या हद्दी, चटई क्षेत्र, आणि खाली, 'मी राजीखुशीने व कोणत्याही दबावाशिवाय.' माझ्या नावापुढं सहीसाठी रेघ.

"ही सही मी करणार नाही," मी म्हणाले. "खोलीला संमती देते. स्लॅब टाका, चूल मांडा, मी आडवी येणार नाही. पण हक्क सोडणार नाही."

"विश्वास न्हाई म्हण की," दादा म्हणाला.

"तुझा होता? वकिलाकडं कोण गेलं?"

तो उठून खाली गेला. वहिनी कप गोळा करत म्हणाली, "ताई, मला खरंच वाटलं तुम्ही अर्धी गच्ची मागणार." तिच्या आवाजात राग नव्हता, तो आधी होता आणि आता ती दमली होती. आई इतका वेळ भिंतीला टेकून बसली होती. ती जिन्याकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाली, "तिचं नाव ऱ्हायलं तर घर काय वाकडं हुतंय काय रं संज्या? मी मागनंच सांगत हुतो, पोरीला इचार. कुणी ऐकलं?"

आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल असं बोलतात, मी करतो, मी सांगतो. अमेरिकेतल्या मंडळाच्या कार्यक्रमात मी एकदा "मी येतो" म्हणाले तर पुण्याच्या दोघी हसल्या होत्या. तेव्हापासून मी तिथं येते म्हणते. त्या संध्याकाळी आईच्या तोंडून ते ऐकलं आणि माझी बाजू घेणारं कुणी आहे, असं बाबा गेल्यानंतर पहिल्यांदा वाटलं.

दोन दिवस दादा कामापुरतं बोलला. तिसऱ्या दिवशी आर्किटेक्टकडून साध्या संमतीचा मसुदा आला. दादानं तो आधी स्वतः वाचला, मग माझ्यापुढं ठेवला. मी सही केली. 

रविवारी, आईच्या पंचाहत्तरीला, गच्चीवर यंत्र लावलं. कपच्यांसाठी दादा कारखान्यातलं जुनं लाकूड काढायला निघाला, मी अडवलं. त्याला पॉलिश आणि गोंद लागलेला असतो. तेव्हा तो कुठूनतरी आंब्याची वाळलेली फांदी घेऊन आला आणि पटाशीनं एकसारख्या, नखाएवढ्या कपच्या काढत बसला. वहिनी म्हणाली म्हणून सांगते, दीड वर्षात त्याच्या हातात पटाशी पहिल्यांदाच आली होती.

दोन जाळ्यांवर एक फरा आणि थोड्या बरगडीच्या चापा. बरोबर बसलं, बोटभर जागा उरली. धूर निघाला तसं पलीकडच्या गच्चीवरून कुणीतरी ओरडलं, "काय जळालंय वो?" दादा ओरडला, "न्हाई, शिजालंय!" तो दर अर्ध्या तासानं दार उघडायला जायचा आणि मी त्याचा हात ओढायचे. सहा तासांनी मांस काढलं. आईनं तुकडा उचलून उजेडात धरला. आत गुलाबी होतं.

"हे कच्चं हाय," ती म्हणाली.

"कच्चं नाही आई. धुराचा रंग तो."

"ह्या वयात मला फसवालाईस?" तिनं वास घेतला, चावलं, बराच वेळ चघळलं. मग दुसरा तुकडा घेतला. "रश्श्यात बरं लागंल," एवढंच बोलली. वहिनीनं तिसऱ्यांदा चव बघितली आणि तिखटात किती लसूण कमी करावा लागेल याचा हिशोब मांडायला लागली. डब्याच्या ऑर्डरीसाठी हे दोन जाळ्यांचं पुरणार नाही, चारचं लागेल, असं तिनं तिथंच ठरवलं. मी म्हणाले, आधी सहा महिने याच्यावर करा, मग मापाचं बघा.

आता मार्च सरत आलाय. स्लॅब पडला. वहिनीचे डबे सुरू झालेत. धुरातलं मटण अजून फक्त ओळखीची माणसं मागतात, तेही आधी विचारून की हे शिजलंय ना. मी कॅन्सस सिटीत आहे. इथं शेजारी माझ्याशी फार चांगले वागतात. माझ्यावर कुणी संशय घेत नाही, कारण त्यांच्या घरातलं काहीही माझ्याकडे येण्यासारखं नाही. हे सुख आहे, मी नाकारत नाही. बारा वर्षं मी त्यालाच आपलं झालेलं गाव समजत होते. कोल्हापुरात मात्र माझ्या एका मेसेजनं माझा भाऊ वकिलाच्या पायऱ्या चढला. तिथं मी अजून कुणीतरी आहे.

गेल्या आठवड्यात दादाचा मेसेज आला. वारसांची नावं लागलेल्या प्रॉपर्टी कार्डाचा फोटो. तीन नावं, तिसरं माझं. 'वैजयंती'चं 'वैजयंता' झालेलं. दादानं त्यावर लाल गोल काढला होता आणि खाली लिहिलं होतं, "नाव चुकलंय तुझं. मी अर्ज लिहून ठेवलाय. पासपोर्टची झेरॉक्स पाठव."

क्षणभर मनात आलंच. झेरॉक्स? कशाला? फोटो दोनदा मोठा करून बघितला. मग पासपोर्ट काढला, खिडकीशी उजेडात धरला आणि अक्षर न् अक्षर वाचता येईल असा फोटो काढून पाठवून दिला.